‘आमच्या पेशंटला हे लागू पडेल का?’ : जीन थेरपी, कार-टी आणि टार्गेटेड उपचारांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्ण तपासत नाही, प्रयोगशाळेत पेशी वाढवते. पण नात्यात कोणाला कॅन्सर निघाला की फोन मला येतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, एकदा तर तेराव्याच्या जेवणातसुद्धा हेच विषय निघाले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की हमखास गैरसमज होतो.

जीन थेरपी म्हणजे कॅन्सरच्या पेशीतलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करतात ना?

बहुतेकांना असंच वाटतं, आणि सुरुवातीला संशोधकांनीही तसा प्रयत्न करून पाहिला. पी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक. ते विषाणूत भरून थेट गाठीत टोचायचं, असं औषध चीनने २००३ मध्ये मंजूर केलं होतं. अडचण हिशेबाची आहे. एका लहानशा गाठीत कोट्यवधी पेशी असतात. त्यातल्या प्रत्येकीपर्यंत जनुक पोहोचवणं जवळजवळ अशक्य, आणि ज्या सुटल्या त्या पुन्हा वाढणारच.

मग विचार उलटा झाला. जनुक कॅन्सरच्या पेशीत घालण्याऐवजी ते आपल्या रोगप्रतिकारक पेशीत घालायचं, म्हणजे ती कॅन्सरला ओळखून मारेल. एक पेशी अनेकांना मारते, वर स्वतःची संख्याही वाढवते. त्यामुळे प्रत्येक शत्रूपर्यंत आपण पोहोचण्याची गरजच उरत नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांच्या गटाने १९८९ मध्ये शत्रूची खूण ओळखणारा जोड-रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) टी पेशींवर, म्हणजे अशा मारेकरी प्रतिकारक पेशींवर, बसवून दाखवला. असा रिसेप्टर बसवलेल्या टी पेशींचा उपचार म्हणजे कार-टी, आणि तिचं मूळ तिथे आहे.

टार्गेटेड उपचार आणि हे एकच का?

घराणं एक, औषधं वेगळी. टार्गेटेड म्हणजे कॅन्सरच्या पेशीवर किंवा पेशीत एखादी ठरावीक खूण शोधायची आणि त्या खुणेवरच मारा करायचा. केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर चालते. म्हणून केस जातात, तोंड येतं.

ठळक उदाहरण इमॅटिनिबचं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडजनुक तयार होतं. त्यातून निघणारं प्रथिन पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतं. इमॅटिनिब नेमकं त्याच प्रथिनाला अडवतं. २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि जो आजार ट्रान्सप्लांटशिवाय जीव घ्यायचा, तो रोजच्या गोळीवर आला. आपल्याकडे ही गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली, त्यात १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मोठा वाटा आहे. पेटंट नाकारलं गेलं. मूळ कंपनीचं औषध महिन्याला लाख-सव्वा लाखाचं होतं, जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळत होतं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ ही खूण असेल तर ट्रास्टुझुमॅब, फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकात बदल असेल तर गेफिटिनिबसारख्या गोळ्या. ‘असेल तर’ हे शब्द नजरेआड करू नका. खूण नसेल तर हीच महागडी औषधं फारशी उपयोगाची नसतात, काही वेळा त्यांनी नुकसानही होतं. म्हणून ‘नवीन औषध कुठे मिळतं?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘आमच्या पेशंटच्या गाठीवर कोणती खूण सापडली?’

भारतातली पहिली कार-टी मुंबईत बनली म्हणतात, तिथे नेमकं काय झालं? आयआयटीत कॅन्सरचं औषध कसं काय?

मलाही हा प्रश्न आवडतो, कारण पवई म्हटलं की लोकांना संगणकच आठवतात. तिथल्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात राहुल पुरवार प्राध्यापक आहेत. त्यांनी जर्मनीत पीएचडी केली, मग हार्वर्डमध्ये काम केलं. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरला विशिष्ट टी पेशी कशा रोखतात, यावर त्यांचं २०१२ मधलं काम या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे. २०१३ मध्ये ते पवईला आले.

कार-टीची रचना आणि पेशी तयार करणं पवईत, रुग्णांवरची चाचणी टाटा मेमोरियलमध्ये, अशी वाटणी झाली. टाटाकडून मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर गौरव नरुला आणि रक्ताच्या कॅन्सरचे डॉक्टर हसमुख जैन यांनी ही बाजू सांभाळली. केंद्राच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला निधी देणाऱ्या संस्थेने या चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रातल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात देशातली पहिली कार-टी दिली गेली. आठवून बघा, कोविडची दुसरी लाट जेमतेम ओसरत होती.

पुढे पुरवारांच्याच इम्युनोअॅक्ट या कंपनीमार्फत ‘नेक्सकार१९’ नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट बातम्यांत कमी आली. कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत २०१७ पासून कार-टी बाजारात होती. नवं होतं ते सगळं साहित्य इथे बनवणं. जनुक वाहून नेणारा विषाणू हा या औषधाचा सर्वांत महाग कच्चा माल. तो बाहेरून आणायचा म्हटलं तर गणितच बसत नाही. तो इथल्या इथे, स्वच्छ आणि प्रत्येक वेळी सारखा तयार करणं हे वर्षानुवर्षांचं कंटाळवाणं काम आहे. त्यावर सिनेमा निघणार नाही, पण किंमत तिथेच उतरली.

पेशी बाहेर काढून त्यांचं काय करतात?

प्लेटलेट दान करताना असतं तसं यंत्र असतं. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त परत आत. काही तास लागतात आणि पाय हलवायलाही कंटाळा येतो. मिळालेली पिशवी प्रयोगशाळेत जाते.

तिथे आधी टी पेशी जाग्या करतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बघण्यासारखं असतं. आदल्या दिवशी सुट्या सुट्या, गोल, सुस्त दिसणाऱ्या पेशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकमेकींना चिकटून द्राक्षाच्या घडासारख्या दिसायला लागतात. घड दिसला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. आधीच्या केमोने दमलेल्या रुग्णांच्या पेशींत कधी कधी घड नीट बनतच नाहीत. तेव्हा खोलीत कोणी फारसं बोलत नाही.

जाग्या झालेल्या पेशींत विषाणूमार्फत जनुक घालतात. त्यापासून पेशीच्या पृष्ठभागावर एक नवा रिसेप्टर उगवतो. त्याचा बाहेरचा भाग सीडी१९ ही खूण ओळखतो, आतला भाग पेशीला हल्ल्याचा हुकूम देतो. मूळच्या अनेक रचनांत बाहेरचा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला असे. नेक्सकार१९ मध्ये तो माणसाच्या प्रथिनाच्या जवळ जाईल असा बदलला आहे.

मग ३७ अंशांवर पेशींची संख्या वाढवायची, जंतूंचा संसर्ग नाही ना ते तपासायचं आणि गोठवायचं. हे सगळं व्हायला दोन-तीन आठवडे धरा. दरम्यान आजार आवाक्यात ठेवायला मधली औषधं चालू असतात. पेशी परत देण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो देऊन शरीरात नव्या पेशींना जागा करतात.

आणि तो मोठा दिवस? एक लहानशी पिशवी, काही मिनिटांत संपते. गोठवताना वापरलेल्या रसायनामुळे खोलीभर लसणासारखा वास येतो. इतके दिवस जिची वाट पाहिली ती पिशवी रिकामी होताना बघून नातेवाईक म्हणतात, ‘एवढंच?’

तो विषाणू एचआयव्हीचा असतो म्हणे?

हो, त्याच कुळातला, मोडतोड करून बनवलेला. पेशीत शिरून जनुक कायमचं बसवण्याची त्याची हातोटी ठेवली आहे, आजार पसरवण्याची आणि स्वतःची पिल्लं काढण्याची जनुकं काढून टाकली आहेत. एड्स होत नाही. मात्र पुढे कधी रक्ताची एचआयव्हीची जनुकीय तपासणी झाली तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. कार-टी झाल्याचा कागद पाकिटात ठेवा, एखाद्या अनोळखी लॅबमध्ये घाबरगुंडी उडायला नको.

नेक्सकार१९ कोणाला देतात?

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यापासून झालेला लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) किंवा बी पेशींचा अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, जो नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही किंवा परत उलटला आहे, आणि वय १५ किंवा त्याहून जास्त. मंजुरी मिळाली ती यासाठी. ‘ब्लड कॅन्सर’ एवढंच कळून उपयोग नाही. मायलॉइड ल्युकेमियाला हे चालत नाही. मायलोमा या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरची खूण वेगळी असते, त्यामुळे त्याची कार-टीही वेगळी.

काकांना तोंडाचा कॅन्सर आहे. त्यांना हे मिळेल?

नाही. महाराष्ट्रातून मला सगळ्यांत जास्त फोन याच प्रश्नाचे येतात. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची कृपा. म्हणून जरा सविस्तर सांगते.

सीडी१९ ही खूण कॅन्सरग्रस्त बी पेशींवर असते तशी निरोगी बी पेशींवरही असते. कार-टी दोन्ही मारते. पण बी पेशींशिवाय माणूस जगू शकतो. गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, शिरेतून देता येतं. तोंड, आतडं, फुप्फुस यांच्या गाठींवर अशी खूण मिळत नाही, जी फक्त कॅन्सरवर आहे किंवा जिच्यासकट निरोगी पेशी गेल्या तरी चालेल. हे पुस्तकी भय नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या एका रुग्णाला हर-२ खूण ओळखणाऱ्या १००० कोटी टी पेशी दिल्या होत्या. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवर तीच खूण किंचित होती. श्वास काही मिनिटांतच अडला आणि पाच दिवसांनी रुग्ण गेला. २०१० मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि आमच्या क्षेत्रातला प्रत्येक विद्यार्थी तो वाचतो. शिवाय घट्ट गाठीच्या आत टी पेशी शिरतच नाहीत, शिरल्या तर तिथल्या वातावरणात मंदावतात. जगभर यावर काम चालू आहे.

पण काकांसाठी दुसरं दार आहे आणि तेही टाटाच्याच डॉक्टरांनी उघडलेलं. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं, औषध पूर्ण मात्रेत बहुतेकांना परवडत नाही. त्यांनी पुढच्या टप्प्यातल्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना तोंडावाटे घ्यायच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ऑन्कोलॉजिस्टना याबद्दल जरूर विचारा. माझ्या मते कार-टीइतकंच हे काम मोठं आहे; फक्त नाव भारदस्त नाही.

कार-टीने किती जण बरे होतात?

‘बरे’ हा शब्द जपून वापरू. नेक्सकार१९ च्या चाचणीचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आले. एकूण ६४ रुग्ण. ज्यांचं मूल्यमापन करता आलं त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांत आजार मागे हटला. हे सगळे बाकीचे उपचार थकलेले रुग्ण होते, हे ध्यानात घेतलं तर आकडा मोठा आहे. पण मागे हटणं आणि कायमचं जाणं यांत फरक आहे. काही महिन्यांनी आजार उलटलेले रुग्णही त्यात आहेत. कधी कॅन्सरच्या पेशी सीडी१९ ही खूणच टाकून देतात, मग कार-टीला काही दिसत नाही.

त्रास किती होतो?

पहिल्या आठवड्यात ताप येणं अपेक्षित आहे. टी पेशी कामाला लागल्या की सायटोकाइन नावाचे संदेशरेणू उसळतात. प्रमाण वाढलं तर रक्तदाब कोसळतो, ऑक्सिजन लागतो.

यावरचा उपाय सापडला तो जवळजवळ योगायोगाने. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी दिली आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ हा संदेशरेणू प्रचंड वाढलेला निघाला. या कार-टीचे संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे याच रेणूला अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि मुलगी शुद्धीवर आली. दहा वर्षांनंतरही ती कॅन्सरमुक्त होती. आज हे औषध हाताशी ठेवल्याशिवाय कुठलंही केंद्र कार-टी देत नाही.

दुसरा त्रास मेंदूचा: गोंधळणं, शब्द न आठवणं, क्वचित झटके. तो लवकर ओळखायची पद्धत अगदी साधी आहे. रुग्णाला रोज एक वाक्य कागदावर लिहायला सांगतात. काल ‘आज मला बरं वाटतंय’ असं सरळ रेघेत लिहिणाऱ्या माणसाच्या अक्षरांना आज शिरोरेघ सापडत नसेल, तर सिस्टर लगेच डॉक्टरांना बोलावतात. आपल्या माणसाचं अक्षर तुम्ही ओळखता, तेव्हा शेजारी बसून त्या कागदाकडे तुम्हीही बघा.

मुंबईच्या चाचणीत तीव्र स्वरूपाचं सायटोकाइन वादळ सुमारे ५ टक्के रुग्णांत दिसलं, म्हणजे कमी. रक्तपेशी घटणं मात्र बहुतेकांत झालं, आणि उपचारांमुळे दोन मृत्यूही झाले. हे मी दर वेळी सांगते. काही नातेवाईकांना ते आवडत नाही.

जनुकात हात घातला तर त्यातूनच दुसरा कॅन्सर होणार नाही का?

शंका रास्त आहे. पॅरिसमध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर जीन थेरपी केली, मुलं सुधारली आणि २००२ पासून त्यांतल्या काहींना ल्युकेमिया झाल्याचं दिसलं. विषाणू वाढीच्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण वेगळ्याच आजाराच्या जीन थेरपी चाचणीत दगावला होता. या दोन घटनांनी हे क्षेत्र काही वर्षं जवळपास गोठलं, आणि नियम कडक झाले ते तेव्हा.

कार-टीनंतर टी पेशींचा कॅन्सर झाल्याची मोजकी प्रकरणं नोंदली गेल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये तिथल्या कार-टी औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. धोका कमी आहे, पण तपासण्या आयुष्यभर चुकवायच्या नाहीत. ज्याच्यापुढे दुसरा उपायच उरलेला नाही त्याच्यासाठी पारडं वेगळं बसतं.

हा बदल पोराबाळांत उतरेल का?

नाही. बदल फक्त टी पेशींत असतो. मूल होऊ शकेल की नाही, हा प्रश्न त्याआधीच्या केमोमुळे येतो. तरुण रुग्ण असेल तर तो केमोच्या आधीच विचारा.

खर्च किती?

नेक्सकार१९ साठी ३० ते ४० लाखांच्या आसपास आकडा सांगितला गेला. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टीची नुसती औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती. म्हणजे आपल्याकडे ते बरंच स्वस्त, तरी रत्नागिरीच्या आंबेवाल्याला किंवा लातूरच्या शिक्षकाला ते स्वस्त वाटणार नाही. वर रुग्णालयाचं बिल, टोसिलिझुमॅब लागलं तर ते, महिनाभर मुंबईत राहणं. विमा असेल तर ‘कॅन्सर कव्हर आहे’ यावर विसंबू नका. आधुनिक उपचारांसाठी वेगळी मर्यादा आहे का, हे लेखी विचारा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच आठवड्यात भेटा, पैसे संपल्यावर नको.

ट्रायलमध्ये घेतात म्हणजे आपल्यावर उंदरासारखे प्रयोग?

उंदराची संमती कोणी घेत नाही. देशातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असतात आणि ती कोणालाही बघता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, आणि मध्येच बाहेर पडायचा हक्क आहे. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. लाखो रुपये भरा आणि ट्रायलमध्ये या, असं कोणी म्हणत असेल तर दरवाजा गाठा. ‘स्टेम सेलने कुठलाही कॅन्सर बरा’ ही जाहिरातही त्याच रांगेतली.

राहायचं कुठे, खायचं काय?

पेशी दिल्यावर निदान चार आठवडे रुग्णालयाजवळ राहा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कॅन्सरच्या हजारो कुटुंबांना आधार दिला आहे. पण पांढऱ्या पेशी खाली असताना स्वतंत्र संडास-बाथरूम असलेली खोली लागते, ती सोय वेगळी बघावी लागेल. अन्न ताजं, पूर्ण शिजलेलं. कोशिंबीर, उसाचा रस, पाणीपुरी बंद. गाडी चालवायची नाही.

तुम्हाला रिपोर्ट पाठवले तर बघाल का?

उपचार सांगणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगेन. एक काम मात्र आधीच करून ठेवा: बायोप्सी जिथे झाली तिथून स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. खुणेची नवी तपासणी त्याच ब्लॉकवर होते. आमच्या मावशीच्या वेळी एका रुग्णालयाने ब्लॉक द्यायला अकरा दिवस लावले. तोवर पुढच्या डॉक्टरांची तारीख उलटून गेली होती. ब्लॉक प्लास्टिकच्या पुडीत ठेवा, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका, मेण वितळतं.

आणि रिपोर्टचा फोटो काढताना पान शेवटपर्यंत येऊ द्या. लोक वरचं नाव आणि मधलं ठळक निदान नेमकं टिपतात. सीडी१९, हर-२, ईजीएफआर ही खुणांची ओळ बहुतेक वेळा अगदी तळाशी, सहीच्या वर बारीक अक्षरात असते, आणि दहांतल्या सहा-सात फोटोंत ती कापली गेलेली असते.